पीकपेरा : पटवाऱ्याच्या वहीतून मोबाइलमध्ये

२०२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. तो भाव पदरात पाडून घ्यायचा तर आधी मोबाइलवर नोंदणी, मग खरेदी केंद्रावर गाडी नेण्याची तारीख. नोंदणीला सातबारा लागतो, त्यावर कापसाचा पेरा, म्हणजे पीक पेरल्याची नोंद, लागते, आणि पेरा लागायचा तर ऑगस्ट-सप्टेंबरात शेतात उभं राहून मोबाइलवर ती नोंद, म्हणजे ई-पीक पाहणी, केलेली लागते. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या शेतकऱ्याला यात फार नवल वाटलं नाही. आठ-दहा वर्षांत अशा साखळ्यांची सवय झाली आहे. ती कशी झाली, त्याची ही पार्श्वभूमी.

जुना इतिहास थोडक्यात. विदर्भ आधी मध्य प्रांतात होता. पूर्वेकडे १९५१ पर्यंत मालगुजारी, म्हणजे सारा मालगुजारामार्फत; पश्चिमेकडे वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून. गावच्या दफ्तराचा माणूस म्हणजे पटवारी. सरकारने पुढे तलाठी म्हटलं, २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी म्हटलं, पण आमच्याकडे ‘पटवाऱ्याकडं जाऊन येतो’ हेच चालतं. जमिनीच्या भांडणात जुनं पेरेपत्रक, म्हणजे पेऱ्याची नोंदवही, आजही शोधलं जातं, यावरून त्या नोंदीचं वजन कळावं. १९७१ च्या नियमांनुसार पटवाऱ्याने आधी गावाला सूचना द्यायची, हंगामात शेतावर जायचं आणि खातेदार, शेजारी यांच्यासमक्ष पीक पाहायचं. प्रत्यक्षात बऱ्याच गावांत मागच्या वर्षीचा पेरा पुढच्या वर्षी उतरायचा. तुरीत तूर आणि पराटीत, म्हणजे कापसात, पराटी. संत्र्याची बाग काढून टाकली तरी ती कागदावर बहरलेलीच असायची.

म्हणजे जुनं सगळं सोन्याचं होतं असं नाही. पण पेरा चुकला तर जबाबदारी कोणाची, हे ठरलेलं होतं.

गावात माहिती बाहेरून यायची ती आकाशवाणीवरून. नागपूर केंद्र १९४८ चं. त्यानंतरचे टप्पे, म्हणजे टीव्ही, एसटीडी बूथ, बसस्टँडजवळच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून घेणं, हे वाचकांनी पाहिलेलेच आहेत. त्यांनी करमणूक बदलली, गप्पा बदलल्या. सरकारी कागद मात्र चावडीवरच राहिला. तो हलू लागला २०११ नंतर. ग्रामपंचायतीत संगणक आला, दाखले छापून मिळू लागले, आणि पुढे तालुक्याच्या सेतू या दाखले देणाऱ्या केंद्रासोबत गावोगावी ऑनलाइन अर्ज भरून देणारं ‘सेंटर’ उभं राहिलं. २०१५ च्या सेवा हक्क कायद्याने मुदतीत दाखला मिळण्याचा हक्क दिला, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. सातबाऱ्यासाठी पटवाऱ्याच्या चार चकरा मारलेल्या माणसाला हे छोटं वाटणार नाही.

पहिली मोठी परीक्षा २०१७ ची कर्जमाफी. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ होणार होतं, पण अर्ज ऑनलाइनच. २००८ च्या कर्जमाफीत अपात्र लोक घुसले, बँकांनीच हात मारला, म्हणून या वेळी प्रत्येकाची ओळख पटवून घ्यायची, असं कारण दिलं गेलं. कारण खोटं नव्हतं. विदर्भाला मात्र २००८ चा राग वेगळ्या कारणासाठी होता. तेव्हाची पूर्ण माफी पाच एकरांपर्यंतच होती, आणि कोरडवाहू मुलखात सात-आठ एकरवालाही पाच एकर ओलितवाल्यापेक्षा गरीब असतो. २०१७ मध्ये नवरा-बायको दोघांनी सेंटरवर यायचं, आधार, अंगठा, मोबाइल क्रमांक द्यायचा. ऐन डवरणी-फवारणीच्या दिवसांत, बोंडअळीच्या वर्षी, माणसं रात्री सर्व्हर हलका असतो म्हणून रात्रभर बसली. बोटांच्या रेषा झिजलेल्यांचे अंगठे उठेनात. १५ सप्टेंबरची मुदत २२ पर्यंत वाढली.

त्या वेळी एक चांगली गोष्टही झाली, तिच्याकडे लक्ष कमी गेलं. आलेल्या अर्जांचं गावात चावडी वाचन ठेवलं गेलं. नावं मोठ्याने वाचायची, कोणाला हरकत असेल त्याने तिथेच सांगायची. सातबारा संगणकात नेतानाही चुका शोधायला असंच वाचन झालं होतं. संगणकातली यादी आणि गावाची आठवण समोरासमोर बसवण्याचा हा साधा प्रकार पुढे फारसा वाढला नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची पुढची कर्जमाफी आली तेव्हा अर्जच नव्हता. बँकांनी याद्या दिल्या, फेब्रुवारी २०२० पासून त्या लागल्या, शेतकऱ्याने फक्त आधार पडताळणी करायची. म्हणजे अर्जाचं ओझं टाळता येत होतं. दोन-अडीच वर्षांत तेच काम दोन रीतींनी झालं, आणि दुसरी रीत कमी त्रासाची होती. हे लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

१५ ऑगस्ट २०२१ ला ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’ अशी घोषणा होती. घोषणेत अधिकार दिसतो. गावाने त्यात काम पाहिलं. माझ्या मते दोन्ही बरोबर, पण वाद खरा कुठे आहे ते नीट पाहायला हवं.

ॲपमध्ये खातेदाराने आपला गट निवडायचा, हंगाम, पीक, क्षेत्र, ओलिताचं साधन भरायचं, शेतात उभं राहून फोटो काढायचा. पुढच्या आवृत्तीत गटापासून किती दूर उभे आहात तेही ॲप सांगू लागलं. भरलेली माहिती ४८ तासांत दुरुस्त करता येते, आणि पटवाऱ्याने साधारण दहा टक्केच नोंदी तपासायच्या, बाकीच्या शेतकऱ्याच्या शब्दावर मान्य. जो आजवर पटवाऱ्याच्या मर्जीवर होता त्याचा शब्द सरकारने मानला, हे थोडंथोडकं नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे शेत एका पिकाचं नसतं. सोयाबीनच्या सहा तासांमागे, म्हणजे ओळींमागे, दोन तास तूर, पराटीत कुठे मूग-उडीद, धुऱ्यावर आणखी काही. ॲपला प्रत्येक पिकाचं क्षेत्र हेक्टर-आरमध्ये वेगळं हवं. शेतकरी एकरात आणि तासांत मोजतो. मग बरेच जण एकटं सोयाबीन टाकून मोकळे होतात, आणि जानेवारीत हमीभावाने तूर द्यायला गेलं की सातबाऱ्यावर तूर सापडत नाही. सोयाबीन सप्टेंबरअखेर कापणीला येतं. मुदतीत रेंज मिळाली नाही, सर्व्हर बसला, तर नंतर फोटो काढायला शेतात कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, उरतं. दरवर्षी मुदतवाढ होते ती उगाच नाही. नकाशा सरकलेला असेल तर स्वतःच्या बांधावर उभ्या माणसाला ॲप सांगतं की तुम्ही गटापासून लांब आहात. सामाईक खात्यात एका भावाने भरलं तर दुसरा अडतो. ओटीपी जातो पुण्याला कंपनीत असलेल्या पोराच्या मोबाइलवर, आणि पोरगा ड्युटीवर.

या अडचणी सुधारता येतात, बऱ्याच सुधारल्याही. न सुधारलेली गोष्ट म्हणजे कोरा रकाना. २०२१ आधी पेरा कोरा राहिला तर पटवाऱ्याने काम केलं नाही असं म्हणता यायचं, तहसीलदाराकडे तक्रार करता यायची. आता पेरा कोरा राहिला तर शेतकऱ्याने नोंदवला नाही असं होतं. नोंद ठेवणं हे सरकारचं काम होतं, ते शेतकऱ्याचं झालं, आणि त्याच नोंदीवर मदत, विमा, खरेदी सगळं टांगलं गेलं. ग्रामसभेत कधी विचारलं गेलं नाही की बाबांनो, हे काम तुम्ही घेता का.

याचा हिशेब २०२४ मध्ये पुढे आला. आदल्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, असं अर्थसहाय्य ठरलं आणि अट घातली ई-पीक पाहणीची. ज्यांनी पीक घेतलं, विकलं, तोटाही सोसला, पण ॲपवर नोंदवलं नाही, ते यादीबाहेर. ओरड झाली. शेवटी ती अट सैल करून सातबाऱ्यावर नोंद असलेल्यांनाही घेण्याचं ठरलं. म्हणजे पटवाऱ्याची वही अजून मेलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट कमी बोलली जाते. जुन्या नमुना बारामध्ये जमीन करणाऱ्याचं नाव लिहायला जागा होती. पाहणीत खातेदाराऐवजी दुसराच माणूस शेत करताना दिसला तर पटवाऱ्याने नमुना १४ भरून तहसीलदाराला कळवायचं, असा नियम. पाळला कमी जायचा, मालकाला दुखवायला कोण तयार? तरी कायद्याला कसणारा माणूस दिसत होता. ॲपवरची नोंद खातेदाराच्या खात्यावर जाते. मक्त्याने (ठरावीक रक्कम देऊन) किंवा बटईने (पिकाचा वाटा देऊन) शेत करणारा, किंवा जिचं नाव फेरफारात अजून चढलेलं नाही अशी विधवा, ही माणसं फोटोच्या मागे उभी असतात. मदत आली की ती मालकाच्या खात्यात, आणि मग ती मागायला त्याच्या ओट्यावर जायचं.

रोजगार हमीचं चित्र वेगळं नाही. १ जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर. मेळघाटात रेंज शोधत टेकडी चढणं हे हजेरीचाच भाग झालं. याच मेळघाटातल्या हरिसालला पहिलं डिजिटल गाव म्हणून २०१५-१६ मध्ये गाजवलं होतं. २०१९ च्या प्रचारात विरोधकांनी त्याच गावाची दुसरी बाजू पडद्यावर दाखवली. गावात काहीच झालं नाही असं नाही, जाहिरातीइतकं झालं नाही.

निवडणूकही सुटली नाही. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान होतं आणि उमेदवारी अर्ज ऑनलाइन भरायचा होता. शेवटच्या दोन दिवसांत सर्व्हरने मान टाकली. तालुक्यातल्या सेंटरांसमोर पॅनलच्या पॅनल रांगेत, आणि ३० डिसेंबरला मुदत संपणार. अखेर कागदी अर्ज घ्यायची परवानगी मिळाली. २०२२ च्या अखेरीस तीच गोष्ट पुन्हा. राखीव जागेवर उभी राहणारी बाई गावात भाषण देऊ शकते, घरोघरी फिरू शकते. तिची उमेदवारी मात्र टायपिंग करणाऱ्याच्या हातात होती.

या सगळ्या गोंधळात एक नवाच धंदा उभा राहिला, आणि तो मला यातला सर्वात मजेचा भाग वाटतो. २०१६ च्या शेवटी डेटा स्वस्त झाला. वऱ्हाडी बोलीत विनोद करणारी पोरं मोबाइलवर दिसू लागली, बकऱ्या चारता चारता. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि अनेकांची जमवलेली मंडळी एका रात्रीत गेली. काही यूट्यूबवर आले. तिथे विनोदापेक्षा जास्त पाहिलं जाऊ लागलं ते ‘नमस्कार शेतकरी मित्रांनो’ म्हणत ई-पीक पाहणी कशी करायची, बहुपीक कसं निवडायचं, ७२ तासांत विम्याची सूचना कुठे टाकायची, हे दाखवणारं. सरकारने परिपत्रक काढलं, ते समजावलं गावच्या पोराने. शेतात उभं राहून, खऱ्या गटावर, चुका करत. तलाठी कार्यालयासमोरच्या फलकापेक्षा हे किती तरी बरं. त्याच हाताने ‘आज खात्यात पैसे जमा’ असे खोटे मथळेही टाकले जातात, कारण पाहणारे मोजले जातात, खरेपणा नाही. एक रुपयात विमा २०२३ ला आला तेव्हा तर अर्ज भरणाऱ्या काही सेंटरांनी दुसऱ्यांच्या, सरकारी जमिनींवरही विमे उतरवले. २०२५ मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत कलावंतांची गोष्ट उलटी. वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव रात्रभर खेळ करतात, पोट तिकिटावर. शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, जोडून नाटक ठेवायची रीत, आणि २०१४ च्या बंदीने पट थांबले तेव्हा त्याची झळ नाटकालाही लागली. डिसेंबर २०२१ नंतर ते परत सुरू झाले. व्हॉट्सॲपमुळे तारखा ठरवणं, पोस्टर फिरवणं सोपं झालं. पण तंबूतून कोणी अख्खं नाटक टिपून टाकलं तर पुढच्या गावाला गोष्ट आधीच माहीत. कलावंताला त्यातलं काही मिळत नाही. व्हिडिओमुळे तिकिटं वाढतात असंही काही आयोजक सांगतात. दोघांचीही बाजू ऐकली आहे. नट-नट्यांची मला जास्त पटते.

अलीकडे यंत्रणेने थोडं मागे पाऊल घेतलं आहे. केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाबरोबर गावपातळीवर सहाय्यक नेमले, शेतकऱ्याने न भरलेले गट त्यांनी भरायचे, गटाच्या ५० मीटरच्या आत फोटो काढून. नोंद हे पुन्हा थोडं सरकारचं काम झालं. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना शेतकरी ओळख क्रमांकही सक्तीचा आहे, आणि तो जमिनीच्या दफ्तरावरून मिळतो, म्हणजे पुन्हा खातेदारालाच. मक्त्याचा व्यवहार बहुतेक तोंडी असतो. पाडव्याला तो ठरताना आता काही ठिकाणी एकरी रकमेबरोबर आणखी दोन गोष्टी बोलून घेतात : ऑगस्टमध्ये फोटो कोण काढणार, आणि ओटीपी आला की मालक फोन उचलणार का.