लाँग-झूम कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची पारख

खिशात मावणारा, लेन्स बदलता न येणारा आणि खोलीभर दृश्यापासून दूरच्या पक्ष्यापर्यंत एकाच लेन्सने पोहोचणारा डिजिटल कॅमेरा म्हणजे लाँग-झूम कॉम्पॅक्ट. ‘ट्रॅव्हल झूम’ हे त्याचे बाजारातले नाव. हा प्रकार रूढ करण्यात पॅनासॉनिकच्या टीझेड मालिकेचा मोठा वाटा आहे. २००६ सालच्या टीझेड१ ला १० पट झूम होता. पुढे कंपन्यांत पटींची चढाओढ लागली आणि २०१८ च्या कॅनन एसएक्स७४० एचएसमध्ये झूम ४० पट होता. त्याहून लांब पल्ल्याचे, मोठ्या मुठीचे ‘ब्रिज’ कॅमेरे वेगळ्या वर्गात मोडतात.

खोक्यावर ठळक छापलेला पटीचा आकडा सर्वांत कमी माहिती देतो. लेन्सच्या सर्वांत लांब आणि सर्वांत आखूड फोकल लांबीचे (ती जितकी आखूड तितके दृश्य रुंद) ते नुसते गुणोत्तर. टीझेड१ ची लेन्स ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने ३५ ते ३५० मिमी होती, तर २०१६ च्या टीझेड१०० ची २५ ते २५०. दोन्ही १० पटच. पण लहान खोलीत पाठ भिंतीला टेकली की पहिल्याच्या चौकटीत माणसे मावत नाहीत. रोजच्या वापरात घर, रस्ता, घोळका हेच विषय जास्त येतात, म्हणून आखूड टोक २४-२५ मिमी असणे महत्त्वाचे. ‘डिजिटल झूम’ हिशेबात धरूच नये. तिथे फोटो कापून फुगवलेला असतो.

एवढी लेन्स एवढ्याशा डबीत बसते ती सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, लहान असल्यामुळे. या वर्गातला नेहमीचा सेन्सर ६.१७ × ४.५५ मिमीचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिमी. टीझेड१०० चा ‘एक इंची’ सेन्सर (इंच नावालाच, प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी) त्याच्या चौपट, त्या बदल्यात झूम १० पटींवर थांबला. मोठा सेन्सर, लांब पल्ला आणि लहान अंग ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत.

लांब टोकाला काय होते ते एसएक्स७४० च्या आकड्यांतून नीट दिसते. तिथे लेन्सचे छिद्र जास्तीत जास्त एफ/६.९ पर्यंतच उघडते (हा आकडा मोठा तितके छिद्र लहान). विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरत असल्यामुळे, अशा छिद्रातून आलेला प्रकाशबिंदू सेन्सरवर सुमारे ९ मायक्रोमीटरचा ठिपका होतो. सेन्सरचा एक पिक्सेल मात्र १.२ मायक्रोमीटर रुंद. म्हणजे एक बिंदू सातेक पिक्सेलांच्या रुंदीवर पसरतो, आणि २० मेगापिक्सेल हा आकडा त्या टोकाला नावापुरता उरतो. लेन्स कितीही उत्तम घासली तरी यातून सुटका नाही.

त्यात हात हलतो. २४ मिमीपासून ३० पट, म्हणजे ७२० मिमीला चौकटीत आडवे जेमतेम ३ अंश मावतात. जुन्या ठोकताळ्याने (एक भागिले फोकल लांबी) शटर १/७२० सेकंदाचा हवा. चांगले स्टॅबिलायझेशन तो १/६० च्या आसपास आणून देते. पण ते फक्त हाताचा कंप सावरते, पळणाऱ्या मुलाला थांबवत नाही. संध्याकाळी शटर वेगवान ठेवायचा तर आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलतेचा आकडा) १६०० वर जातो आणि कॅमेरा दाणे पुसण्याच्या नादात केस, गवत, विणकाम सगळे जलरंगासारखे फासून टाकतो. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल मिळत असेल तर ही पुसापुशी आपल्या हाती राहते. कॅमेऱ्याची परीक्षा खरे तर याच प्रकाशात घ्यावी; भर उन्हात सगळेच कॅमेरे गुणी दिसतात.

चाचणीला दूरवरची अक्षरांची पाटी उत्तम. लांब टोकाला हातात धरून आठ-दहा फोटो काढावेत आणि पूर्ण आकारात पाहून किती हलले ते मोजावे. सकाळची वेळ बरी, कारण दुपारच्या तापलेल्या हवेचा थरथराट लेन्सच्या माथी मारला जातो. प्रत्येक फोटोत एकच बाजू धूसर येत असेल तर आतले भिंग केंद्रातून सरकले असण्याची शक्यता असते. तो नग घेऊ नये.

व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, ही चैन नव्हे. कॅमेरा डोळ्याला टेकला की दोन हातांना तिसरा आधार मिळतो, उन्हातही चौकट दिसते. पॅनासॉनिकने तो २०१४ च्या टीझेड६० मध्ये आणला आणि २०२५ च्या टीझेड९९ मधून काढून टाकला, हे खटकणारेच. पक्षी चौकटीतून निसटला की झूम क्षणभर मागे घेणारे बटणही काही कॅमेऱ्यांत असते. माहितीपत्रकात त्याला एखादी ओळ मिळते, वापरात ते फार उपयोगी पडते.

आता तुलना मोबाइलशीही करावी लागते. जगभरात २०१० मध्ये १० कोटींहून अधिक कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ मध्ये २० लाखांहूनही कमी. अनेक फोटो जोडून एक करणारे मोबाइल रुंद दृश्यात आणि रात्री या लहान सेन्सरला सहज मागे टाकतात. या कॅमेऱ्याची किंमत वसूल होते ती पाच-सात पटींच्या पुढे.

जुना नग घेताना आणखी एक पाहावे. लेन्सची नळी दर वेळी आतबाहेर होताना हवेबरोबर धूळ ओढते, आणि लेन्स निघत नसल्याने ती घरी साफ करता येत नाही. झूम पूर्ण लांबवून निरभ्र आकाशाचा फोटो घ्यावा. सेन्सरवर धूळ असेल तर प्रत्येक फोटोत त्याच जागी करडा ठिपका दिसतो.