सिडनीला मुलांकडे राहायला जाताय? तिथल्या समुद्राबद्दल आणि बागांबद्दल थोडं

नमस्कार काका-काकू,

तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स सगळं हातात पडलं की आमच्या ऑफिसात हमखास एक प्रश्न येतो, "अहो पण आम्ही तिथे दिवसभर करायचं काय?" मुलगा-सून सकाळीच बाहेर पडणार, नातू शाळेत नाहीतर डेकेअरला, घरात आपण दोघं आणि टीव्ही. पहिले दहा दिवस बरं वाटतं, आराम होतो, पोळ्या-भाज्या करण्यात वेळ जातो, पण तिसरा आठवडा लागला की फोनवर आवाज उतरलेला असतो आणि रिटर्नची तारीख अलीकडे आणून मिळेल का असं विचारणारे आमच्याकडे दरवर्षी असतातच. तारीख बदलून देतो आम्ही, ते आमचं कामच आहे, पण खरं सांगू, वाईट वाटतं. कारण घरापासून बस-ट्रेनने जाता येईल असे इतके समुद्रकिनारे आणि इतक्या बागा असलेलं शहर सोडून माणसं परत येतात, आणि त्यातलं बहुतेक सगळं फुकट असतं हो.

हे पत्रक टूरचा प्रोग्राम नाही. ऑपेरा हाऊस, ब्लू माउंटन्स हे सगळं मुलं विकेंडला दाखवतीलच. हे आहे सोमवार ते शुक्रवारसाठी. आमचा आग्रह एकच, पहिल्या पंधरा दिवसांत एक बाग आणि एक बीच असा पक्का करा की तिथे तुम्ही दोघं कोणाच्याही मदतीशिवाय जाऊन येऊ शकाल. मग पुढचे तीन महिने कसे जातात बघा.

कधी जायचं

तिथले ऋतू आपल्या उलटे, डिसेंबर-जानेवारी म्हणजे कडक उन्हाळा आणि शाळांची मोठी सुट्टी. नातवंडांसोबत वेळ हवा असेल तर तेव्हा जा, पण फिरायला म्हणाल तर आम्हाला ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी ते एप्रिल जास्त आवडतं. ऑक्टोबरच्या शेवटी जॅकरांडा फुलतो, गल्लीच्या गल्ली जांभळी होऊन जाते. समुद्राचं पाणी मात्र तेव्हा अजून गारच असतं, पाण्यात उतरायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च बेस्ट, तेव्हा पाणी साधारण २३ अंशांच्या आसपास असतं. ऑक्टोबर ते एप्रिल त्यांची घड्याळं एक तास पुढे असतात, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास पुढे, एरवी साडेचार. इथल्या बहिणीला फोन करताना हे लक्षात ठेवा.

बॅग भरताना

इथे कृपया आमचं ऐका. माझी आई पहिल्यांदा गेली तेव्हा नातवासाठी पेढे, दारच्या झाडाचा कढीपत्ता आणि पूजेच्या सामानाची पुडी असं सगळं प्रेमाने भरलं होतं. विमानात जो फॉर्म देतात त्यावर तिने सगळ्याला "यस" केलं होतं म्हणून निभावलं, वस्तू काढून घेतल्या आणि हसून जायला सांगितलं, दंड काही नाही. तेच लपवलं असतं तर हजारो डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. तेव्हा खाण्याची, झाडापानांची, लाकडाची कुठलीही वस्तू असो, फॉर्मवर सांगा. दुधाची मिठाई, ताजी फळं-भाज्या, पेरायचं बी-बियाणं नकोच. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट कंपनीच्या सीलबंद पाकिटात न्या आणि तेही सांगा. आणि खरं तर पॅरामाटाजवळच्या हॅरिस पार्क या वस्तीतल्या भारतीय दुकानांत सगळं मिळतं, तुपासाठी बॅगेचं वजन वाढवू नका.

औषधं तीन महिन्यांपुरती नेता येतात, मूळ पाकिटात, सोबत डॉक्टरांचं इंग्रजीतलं प्रिस्क्रिप्शन. त्याहून जास्त राहणार असाल तर पुढच्या औषधांचं काय हे जायच्या आधीच मुलांशी बोलून ठेवा. आपल्या पासपोर्टवर तिथलं सरकारी मेडिकेअर लागू होत नाही, म्हणून इन्शुरन्स नको म्हणणाऱ्यांशी आम्ही भांडतो, राग मानू नका.

आधी बाग

वेस्टमेड, वेंटवर्थविल, पॅरामाटा या भागात आपली बरीच मंडळी राहतात, तुमचं घरही तिकडेच असेल तर पॅरामाटा पार्कपासून सुरुवात करा. नदीकाठची मोठी बाग आहे, सरळ रस्ते, बाकं, स्वच्छ टॉयलेट, नळाचं पाणी बिनधास्त प्यायचं. आत जुनं गव्हर्न्मेंट हाऊस आहे, इंग्रजांनी कैद्यांची वसाहत केली त्या काळातलं, २०१० साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. नदीकाठच्या झाडांवर दिवसा शेकडो वटवाघळं उलटी टांगलेली असतात, छोटी नाहीत, चांगली कावळ्यापेक्षा मोठी, आणि संध्याकाळी सगळी एकदम उठून आकाशातून जातात तेव्हा नातवाला घेऊन जाच. पांढरे पिवळ्या तुऱ्याचे काकाकुवा तर आपल्याकडच्या कबुतरांसारखे गवतात चरत असतात. फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबर मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी पिल्लांच्या काळजीने डोक्यावर झेपावतो, तेव्हा टोपी घाला आणि त्याच्या झाडाखालून जाऊ नका, एवढंच.

शहरातली रॉयल बोटॅनिक गार्डन १८१६ सालची, प्रवेश फुकट. घरून डबा न्या आणि मिसेस मॅक्वारीज चेअर नावाच्या टोकावर बसून खा, समोर हार्बर ब्रिज हा मोठा पूल आणि ऑपेरा हाऊस एकाच वेळी दिसतात. वर्किंग डेला तिथे जी शांतता असते ती विकेंडला मिळत नाही.

जायचं कसं? स्टेशनवर, बसमध्ये प्रवासाचं कार्ड (त्याला ओपल म्हणतात) मशीनला टेकवायचं, उतरताना परत टेकवायचं. दोघांची कार्डं वेगळी हवीत, एकाच कार्डावर दोघं जाता येत नाही. तिथल्या सिनियर लोकांचं सोनेरी कार्ड आपल्याला मिळत नाही, पण दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा असते आणि शुक्रवार ते रविवार ती आणखी कमी असते, म्हणजे लांबचा पल्ला शुक्रवारी ठेवा. पॅरामाटाहून सर्क्युलर कीला, म्हणजे ऑपेरा हाऊसजवळच्या बोटींच्या धक्क्याला, नदीतून फेरीबोट जाते, वेळ लागतो पण काठाकाठाने सगळं शहर बघत जाता येतं. ओहोटी फार असली तर पहिला टप्पा बसने करावा लागतो, घाबरू नका, बोर्डवर लिहिलेलं असतं.

आता समुद्र

आपण कोकणातली माणसं, अलिबाग-हर्णैला लहानपणापासून पाण्यात खेळलेलो, त्यामुळे समुद्र आपल्याला माहितीच आहे असं वाटतं. तो समुद्र वेगळा आहे. आपल्याकडे ओहोटीला पाणी लांब जातं, अलिबागच्या किल्ल्यात चालत जाता येतं, तिथे तेवढी ओहोटी नसतेच, पण पॅसिफिकच्या लाटा जोरदार असतात आणि त्यांचं परत जाणारं पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून आत ओढ घेतं, त्याला ते लोक रिप म्हणतात. आणि फसगत इथेच होते. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्ये एक पट्टा शांत, जरा गडद रंगाचा, आपण म्हणतो चला इथे पाणी शांत आहे, इथे उतरू. तोच रिप असतो!

म्हणून लाल-पिवळे झेंडे. बीचवर दोन झेंडे रोवलेले असतात, पाण्यात उतरायचं तर त्या दोघांच्या मध्येच, झेंडे नसतील तर पाण्यात जायचंच नाही, पाय भिजवायलाही गुडघ्याच्या वर नाही. ओढले गेलात तर पाण्याशी झगडू नका, तरंगत राहा आणि हात वर करा, लाइफसेव्हर बघत असतात. ६ फेब्रुवारी १९३८ ला बाँडाय या प्रसिद्ध बीचवर एका दुपारी शेकडो माणसं अशी ओढली गेली, बहुतेकांना वाचवलं पण पाच जण गेले. बाँडाय बघायला जरूर जा, पण तिथल्या दक्षिण टोकाला पाण्यात नको, तिथे रिप नेहमीचाच.

उन्हाचंही तसंच, हवा गार असते म्हणून कळत नाही पण कातडी भाजते. टोपी, लांब बाह्या, सनस्क्रीन, आपल्या सावळ्या रंगालाही. किनाऱ्यावर निळ्या फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, ती ब्लूबॉटल, डंख करते. डंख बसलाच तर समुद्राच्या पाण्याने धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं धरा.

मग आपल्या वयाला कुठला बीच? मॅनली बीचला जाणारी फेरीबोट घ्या, सर्क्युलर कीवरून साधारण अर्धा तास, उतरून सपाट रस्त्याने समुद्राच्या कडेकडेने शेली बीचपर्यंत चालत जा, तिथे पाणी आडोशाला असल्यामुळे शांत असतं. चालायची हौस असेल तर बाँडाय ते कूजी हा सहा किलोमीटरचा कड्याकडेचा रस्ता आहे, पण पायऱ्या बऱ्याच, गुडघे कुरकुरत असतील तर वाटेतल्या ब्राँटी बीचला थांबा. ब्राँटीला हिरवळ आहे, झाडं आहेत, फुकट वापरायच्या शेगड्या आहेत आणि खडकात बांधलेला समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे.

आणि काकूंसाठी खास एक जागा, कूजीचं मॅकायव्हर्स लेडीज बाथ. खडकात बांधलेला तलाव, फक्त बायका आणि लहान मुलं, थोडीशी फी. आमच्या एक रत्नागिरीकडच्या काकू आहेत, जन्म समुद्राकाठी गेला पण पाण्यात कधी उतरल्या नव्हत्या, लोक बघतील म्हणून. सून घेऊन गेली. पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, लेगिंग, आणि पहिल्या दिवशी नुसत्या पायरीवर बसल्या, पाणी कमरेपर्यंत. लाट भिंतीवर आपटून फेस आत यायचा तेव्हा त्या कठडा घट्ट धरायच्या. मग तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्यांनी कठडा सोडला. हे सांगायला त्या परत आल्यावर मुद्दाम आमच्या ऑफिसात आल्या होत्या, हात सोडून दाखवत होत्या, खुर्चीत बसून!

जायच्या आधी एक काम करा. मुलांच्या घराचा पत्ता, जवळच्या स्टेशनचं नाव आणि दोघांचे मोबाइल नंबर आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा, आम्ही इंग्रजी-मराठीत कार्ड छापून लॅमिनेट करून देतो, मागे इमर्जन्सीचा नंबर ०००, दोघांसाठी दोन. पैसे नाहीत त्याचे. तिकिटाच्या पाकिटासोबतच घेऊन जा.