पेरणीची तारीख कॅलेंडरवर लिहू नका

मे संपत आला की आमच्या विदर्भात घरोघरी प्लॅनिंग सुरू होतं, कोणत्या वावरात पऱ्हाटी (कापूस), कुठे सोयाबीन, तुरीच्या ओळी किती, बियाणं कधी उचलायचं, आणि सगळं ठरलं की कोणीतरी बोलतंच, मृग लागला की 8 जूनला टाकून देऊ. बाकी प्लॅन मस्त असतो हो, गडबड करते ती ही तारीख.

तारखेच्या बाबतीत माणूस चुकतो तो बहुतेक एकाच बाजूला. डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये हे मांडलं, की आपण फक्त समोरचं काम पाहून दिवस मोजतो, मागे अशाच कामाला किती दिवस लागले होते ते हिशोबात धरतच नाही. 1994 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात कॅनडातल्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसात होईल? सरासरी 34 दिवस म्हणाले. सगळंच बिघडलं तर? 49 च्या आसपास. लागले 55! म्हणजे वाईटात वाईट धरूनही अंदाज कमीच पडला. घर बांधायला काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

त्यात पाऊस. 1961 मध्ये अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित करत होता, दुसऱ्यांदा आकडा टाकताना त्यानं 0.506127 च्या ऐवजी 0.506 टाकलं आणि पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं. सुरुवातीचा एवढासा फरक पुढे फुगत जातो, म्हणून साधारण दोन आठवड्यांच्या पुढे अमुक दिवशी अमुक गावात पाऊस पडेल असं छातीठोक कोणीच सांगू शकत नाही, मोबाईलवरचं ॲप काहीही दाखवू दे.

मग काय, प्लॅनच नको, वेळेवर पाहू? हेही आमच्याकडे फेमस आहे आणि तेही चालत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात विद्यार्थ्यांना सुट्टीत एक छोटा रिपोर्ट लिहायला सांगितला. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधीच पक्कं केलं त्यांच्यातल्या शंभरातल्या सत्तरच्या वर लोकांनी तो वेळेत लिहिला, नुसतं 'लिहीन' म्हणणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांशच जणांनी. याला ते जर-तरचा प्लॅन म्हणतात, अमुक दिसलं की तमुक करायचं, त्या वेळी डोकं लढवत बसायचं काम नाही.

शेतीत हे लई सोपं आहे. कृषी विद्यापीठ सांगते की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, म्हणजे अट पावसाची, तारखेची नाही. पाऊस झाला की वापसा, म्हणजे माती पेरणीजोगी झाली का ते पाहायचं, मुठीत माती दाबून गोळा करायचा अन् कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा, पडून फुटला तर तिफन (पेरणीचं अवजार) काढा, चिखलासारखा चेपटा झाला तर थांबा. बियाण्याचंही तसंच, ओल्या पोत्यात 100 दाणे गुंडाळून ठेवायचे, सोयाबीनचे 70 उगवले तर नेहमीचंच प्रमाण, कमी उगवले तर बियाणं वाढवायचं. आणि पाऊस लांबला तर? जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग-उडदाचा नाद सोडायचा, सोयाबीनला जुलैच्या मध्यापर्यंत जागा आहे, तेही कमी दिवसाचं वाण. हे सगळं मे महिन्यातच वहीत लिहून ठेवता येतं, म्हणजे शेजाऱ्याची तिफन निघाली म्हणून आपलीही निघाली अन् मग दुबार पेरणी, असं होत नाही. माझ्या मते दुबार पेरणीचं निम्मं कारण शेजारीच असतो, पण ते जाऊ द्या.

मात्र काही कामं तारखेचीच असतात, तिथं लवचिकपणा दाखवायला जाऊ नका. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण जुलैअखेर असते, ती ओल पाहून थांबत नाही, आणि शेवटच्या दोन दिवसात सर्वर हमखास बसतो. तिथं जर-तर एवढाच, पेरा झाला अन् सातबारा हातात आला तर त्याच आठवड्यात फॉर्म भरून मोकळं व्हायचं.