चौदा वर्षं उशिरा आलेलं झेंडावंदन : गोव्यातल्या मुलांचे राष्ट्रीय सण

१५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार. गोव्यातल्या चर्चांमध्ये त्या दिवशी नेहमीप्रमाणे सायबिणीचं, म्हणजे मेरी मातेचं, फेस्त होतं. पलीकडे, बांद्याच्या बाजूला, देश स्वतंत्र झाला होता. अलीकडे, पेडण्यात, पोर्तुगिजांचं राज्य तसंच चालू होतं. उघडपणे तिरंगा लावणाऱ्याची वाट तुरुंगाकडे जात होती. गोव्यातल्या मुलांच्या वाट्याला झेंडावंदन आलं ते चौदा वर्षांनी.

त्यामुळेच आमच्या बालवाडीतल्या मुलांना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टबरोबर आणखी दोन दिवस मिळाले आहेत : १८ जूनचा क्रांतिदिन आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन. ३० मे हा घटक राज्य दिनही आहे (१९८७ साली गोवा देशाचं २५वं राज्य झालं), पण तेव्हा मुलं सुट्टीवर असतात.

लहान मुलांना सांगायला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो १८ जून. जून म्हणजे पाऊस, नवी छत्री, चिखलाचे पाय. १९४६ साली त्या दिवशी मडगावातही पाऊस पडत होता. डॉ. राममनोहर लोहिया तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी असोळण्याला, मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी उतरले होते. गोव्यात तेव्हा जाहीर सभा घ्यायला परवानगी लागे, छापून निघणाऱ्या मजकुरावर सेन्सॉर बसे. लोहियांनी परवानगी न घेता सभा घ्यायचं ठरवलं. पोलीस अधिकाऱ्याने पिस्तूल काढलं, तर त्यांनी त्याचा हात बाजूला सारला. लोहिया आणि मिनेझिस या दोघांना पकडून नेलं, पण भर पावसात जमलेले लोक काही घरी गेले नाहीत. ती जागा आज लोहिया मैदान म्हणून ओळखली जाते आणि पणजीच्या एका मोठ्या रस्त्याला ‘१८ जून’ हेच नाव आहे. बोलायची बंदी होती आणि एक माणूस पावसात बोलायला उभा राहिला, एवढं चार वर्षांच्या मुलाला पुरेपूर कळतं. वर्गात बोलू न देणं म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक असतं.

गोव्याच्या १५ ऑगस्टला मात्र एक दुखरी बाजू आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले हजारो निःशस्त्र सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन गोव्याच्या सीमेत शिरले. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसं गेली. सीमेवरच्या पत्रादेवीला पंजाबातला तरुण कर्नैलसिंग बेनिपाल पडला. गोवा त्याने त्याआधी पाहिलाही नसेल. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक याच आठवणीचं आहे. बालवाडीत गोळीबाराचं वर्णन करू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या वयाची मुलं रात्री तेच घेऊन झोपतात. दूरदूरची माणसं आपल्यासाठी चालत आली होती, एवढं सांगावं. बाकीचं पाचवी-सहावीत आपोआप येतं.

आणि एका गुरुजींची गोष्ट तर सांगावीच. मनोहर आपटे हे सांगलीचे. १९५० च्या सुमारास मराठी शिकवायला ते गोव्यात आले आणि सावईवेऱ्याला मुलांना शिकवू लागले. मोहन रानडे या नावाने ते गोव्याच्या मुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर १९५५ मध्ये बेती पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. पुढे त्यांना पोर्तुगालला नेऊन तिथल्या तुरुंगात ठेवलं. गोवा मुक्त झाला तरी गुरुजी आतच होते. त्यांची सुटका झाली ती जानेवारी १९६९ मध्ये. त्यांच्याकडे शिकलेली लहान मुलं तोवर कर्तीसवरती झाली असतील.

मराठी शिकवायला बाहेरून गुरुजी का यावे लागत, हेही समजून घ्यायला हवं. पोर्तुगीज अमदानीत मराठी शाळा चालत त्या लोकांच्या बळावर. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच ते आहे : घरोघरची मूठ-मूठ तांदळाची मदत. मुक्तीनंतर, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या काळात गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. प्रभातफेरी, ‘भारत माता की जय’, ओळीत उभं राहून घेतलेला खाऊ, हे सगळं आमच्या खेड्यांत रुजलं ते या शाळांच्या अंगणात. आमच्या आधीच्या पिढीने झेंडावंदन पहिल्यांदा पाहिलं ते तिथेच.

मुक्तीचा प्रसंग स्वतः थोडक्यात आटोपला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरलं आणि सुमारे ३६ तासांत, १९ तारखेच्या संध्याकाळी, गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली. साडेचारशे वर्षांची सत्ता संपली. पण मुलांचे डोळे मोठे होतात ते रेडिओच्या गोष्टीने. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून सहा वर्षं, आधी आंबोलीच्या रानातून आणि मग कॅसलरॉकहून, गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. शेवटी गोवा मुक्त झाल्याची बातमी या दोघांनी विमानात बसून, ध्वनिक्षेपकावरून खाली लोकांना सांगितली. बालवाडीत ही गोष्ट झाली की पुठ्ठ्याचा भोंगा करून मुलं दिवसभर बातम्या देत राहतात. १९ डिसेंबरला घराघरांवर नाताळची नखेत्रां (चांदणीच्या आकाराचे कंदील) लागलेली असतात, त्या उजेडात हा दिवस मुलांच्या चांगला लक्षात राहतो.

पणजीच्या आझाद मैदानावर मुलांना एकदा न्यावं. तिथल्या खांबांच्या मंडपात पूर्वी अल्बुकर्कचा पुतळा होता. १५१० साली गोवा जिंकणारा तो हाच. पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मैदानात हुतात्म्यांचं स्मारक उभं आहे. थोडी मोठी मुलं असतील तर आग्वादचा तुरुंगही दाखवावा. २०२१ पासून तिथे संग्रहालय आहे.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं आहे आणि तीन वर्षांच्या मुलाला तेवढा वेळ निश्चल उभं राहणं खरोखर कठीण जातं. हललं म्हणून ओरडू नये. त्याच्या आधीची तासभराची भाषणं तेवढी कमी करावीत, उन्हात तर नक्कीच. झेंडे कागदाचे घ्यावेत. ध्वजसंहितेप्रमाणे प्लास्टिकचा राष्ट्रध्वज चालत नाही आणि कागदाचाही कार्यक्रमानंतर जमिनीवर टाकायचा नसतो. आमच्याकडे शेवटी एक पेटी फिरवतात आणि प्रत्येक मूल आपला झेंडा तिच्यात उभा ठेवतं. खाऊ त्यानंतर मिळतो.