क्षयरोग : निदान, उपचार व प्रतिबंध यांविषयीचे अलीकडील संशोधन

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूमुळे होणाऱ्या क्षयरोगाचे निदान लवकर व्हावे, उपचाराचा काळ कमी व्हावा आणि संसर्ग झालेल्या माणसाला मुळात रोगच होऊ नये, या उद्देशांनी गेल्या सुमारे दोन दशकांत झालेल्या संशोधनाचा आढावा या नोंदीत घेतला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षयरोग झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने दगावले. नव्या रुग्णांपैकी २६ टक्के एकट्या भारतातील होते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या जिवाणूचा शोध जाहीर केला. त्यानंतर सव्वाशे वर्षे निदानाची मुख्य पद्धत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, जवळजवळ तीच राहिली, आणि १९६० च्या दशकात रिफाम्पिसीन आल्यानंतर चाळीसेक वर्षे या रोगावर नव्या जातीचे एकही औषध बाजारात आले नाही. श्रीमंत देशांतून हा रोग ओसरला आणि त्याबरोबर औषध कंपन्यांचा त्यातील रसही ओसरला, हे त्याचे उघड कारण होय.

खोकल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसाच्या हाती एक लहान डबी दिली जाते आणि सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका तीत आणा, नुसती लाळ नको, असे त्याला बजावले जाते. निदानाची सारी मदार या डबीवर असते. जुन्या पद्धतीत बेडक्याचा थर काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत; परंतु एक मिलिलिटर बेडक्यात सुमारे पाच ते दहा हजार जिवाणू असल्याशिवाय ते अशा तपासणीत दिसत नाहीत, आणि दिसले तरी ते कोणत्या औषधाला दाद देणार नाहीत हे कळत नाही. ते कळण्यासाठी जिवाणू वाढवून पाहावे लागतात. हा जिवाणू अत्यंत सावकाश वाढतो. त्याच्या एका विभाजनाला जवळजवळ दिवस लागतो. त्यामुळे घन माध्यमावरील संवर्धनाचा निकाल हाती यायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात रुग्ण घरातल्यांना संसर्ग देत राहतो.

जीनएक्स्पर्ट या यंत्रावरील चाचणीने हा काळ दोन तासांच्या आत आणला. बेडका रसायनात मिसळून बंद काडतुसात (कार्ट्रिजमध्ये) भरला की यंत्र जिवाणूचे डीएनए स्वतःच वेगळे काढते, त्याच्या प्रती वाढवते आणि आरपीओबी या जनुकातील बदल पाहून रिफाम्पिसीन चालेल की नाही हेही सांगते. लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि मुंबई येथील १,७३० रुग्णांवर तिची पारख झाली. सूक्ष्मदर्शकाला सापडलेल्या रुग्णांपैकी ९८ टक्के रुग्ण एकाच चाचणीत सापडले. सूक्ष्मदर्शकाने निसटू दिलेल्या, पण संवर्धनात जिवाणू आढळलेल्या रुग्णांपैकी ७२ टक्क्यांहून अधिक तिने पकडले. २०१० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने चाचणीला मान्यता दिली. मात्र या यंत्राला अखंड वीज लागते व वातानुकूलित खोली बरी पडते, आणि नेमक्या याच दोन गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रांत दुर्मीळ असतात. ही अडचण लक्षात घेऊन गोव्यातील मोलबायो या कंपनीने ट्रूनॅट ही चाचणी आणली. तिचे यंत्र बॅटरीवर चालते, उचलून नेता येते, आणि अभिक्रिया एका छोट्या चिपवर घडते. २०२० मध्ये तिलाही जागतिक मान्यता मिळाली.

या चाचण्यांच्याही मर्यादा आहेत. त्या जनुकाचा एक लहानसा तुकडाच वाचतात. एस्वातिनी या आफ्रिकी देशात रिफाम्पिसीनला दाद न देणाऱ्या जिवाणूंचा मोठा वाटा असा निघाला, की ज्यातील बदल त्या तुकड्याच्या बाहेर होता आणि म्हणून यंत्राच्या नजरेत येत नव्हता. अशा वेळी अनेक जनुके एकदम वाचणारी लक्ष्यित अनुक्रमण पद्धती उपयोगी पडते. मात्र तिला सुसज्ज प्रयोगशाळा लागते. लहान मुलांची अडचण निराळीच असते. त्यांना बेडका काढताच येत नाही, म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून जठरात नळी घालून गिळलेला बेडका बाहेर काढावा लागे. आता मुलाच्या शौचाच्या नमुन्यावर जीनएक्स्पर्ट चाचणी करता येते. जिभेवरून फिरवलेल्या बोळ्यातून निदान करण्याच्या प्रयत्नांनाही अलीकडे बराच वेग आला आहे.

निदानाबद्दलची सर्वांत अस्वस्थ करणारी माहिती प्रयोगशाळेतून नव्हे, तर भारतातील २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीतून आली. १५ वर्षांवरील लोकांत दर लाखामागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे तीत दिसले, आणि छातीचा एक्स-रे न काढता केवळ खोकला, ताप, वजन घटणे अशी लक्षणे विचारली असती, तर त्यांपैकी ४२.६ टक्के रुग्ण हाती लागलेच नसते. म्हणजे ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर तपासणी करा’ ही भिंतींवर रंगवलेली सूचना जवळजवळ निम्म्या रुग्णांना लागूच पडत नाही. यामुळे हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि ते चित्र वाचणाऱ्या संगणक-प्रणाली यांना महत्त्व आले, मुंबईतील क्युअर.एआय ही कंपनी या क्षेत्रातील ठळक नावांपैकी एक आहे. १५ वर्षांवरील व्यक्तींच्या प्राथमिक चाळणीसाठी अशा प्रणाली वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये संमती दिली. ही चाळणीच होय. संशयित चित्र निघाले तरी बेडक्याची डबी टळत नाही.

उपचारांच्या बाबतीत सर्वांत मोठा पालट औषधप्रतिकारक क्षयरोगात झाला. आयसोनियाझिड व रिफाम्पिसीन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या रोगास बहुऔषधप्रतिकारक क्षयरोग म्हणतात. त्याचा उपचार दीड ते दोन वर्षे चाले आणि त्यात कित्येक महिने रोज कॅनामायसीनसारखे इंजेक्शन घ्यावे लागे. या इंजेक्शनाने कानाच्या आतील पेशी मरतात व गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणजे अनेक रुग्ण क्षयातून वाचत, पण बहिरे होऊन. २०१२ च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध असलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. त्यांनी वापरलेली ‘संपूर्ण औषधप्रतिकारक’ ही संज्ञा जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली नाही, तरी रुग्णांपुढील प्रश्न खराच होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत बेडाक्विलीनला परवानगी मिळाली. जिवाणूला ऊर्जा पुरवणारे एटीपी सिंथेझ हे विकर (एन्झाइम) या औषधाने बंद पडते. २०१८ नंतर कॅनामायसीन मागे पडले आणि पूर्णपणे तोंडाने घ्यायच्या औषधांचा मार्ग मोकळा झाला. दक्षिण आफ्रिकेतील निक्स-टीबी या अभ्यासात बेडाक्विलीन, प्रेटोमॅनिड व लिनेझोलिड ही तीन औषधे सहा महिने घेतलेल्या १०९ अत्यंत कठीण रुग्णांपैकी ९० टक्के बरे झाले. या यशाची किंमतही होती : लिनेझोलिडच्या रोजच्या १,२०० मिलिग्रॅम मात्रेने ८१ टक्के रुग्णांच्या हातापायांना मुंग्या, बधिरता असा चेताविकार जडला. पुढच्या अभ्यासात मात्रा निम्म्यावर आणली, तरी यश ९१ टक्के राहिले आणि त्रास बराच कमी झाला. यात मॉक्सिफ्लॉक्सासीनची भर घालून दक्षिण आफ्रिका, बेलारूस व उझबेकिस्तान येथे झालेल्या तुलनात्मक चाचणीत नव्या उपचाराने ८९ टक्के, तर प्रचलित उपचाराने ५२ टक्के रुग्णांना चांगला गुण आला. हा सहा महिन्यांचा उपचार २०२२ च्या अखेरीस जागतिक शिफारशीत आला. भारत सरकारने त्याला सप्टेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली.

औषध सापडले म्हणजे ते मिळते असे नाही. बेडाक्विलीनच्या मूळ एकस्वाची (पेटंटची) मुदत जुलै २०२३ मध्ये संपणार होती आणि ते बनवणाऱ्या कंपनीने ती वाढवून मागितली होती. क्षयाच्या उपचारात श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली, आणि भारतीय एकस्व कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला. त्यामुळे स्वस्त पर्यायी उत्पादनाला वाट मिळाली. आता काळजी आहे ती या औषधालाही न जुमानणाऱ्या जिवाणूंची. त्यामागचे जनुकीय बदल नेहमीच्या काडतूस-चाचणीत दिसत नाहीत.

साध्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगातही सहा महिन्यांचे चार होऊ शकतात. रिफापेंटिन व मॉक्सिफ्लॉक्सासीन असलेला चार महिन्यांचा उपचार १३ देशांतील अडीच हजार रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांच्या उपचाराइतकाच गुणकारी ठरला. सौम्य क्षय असलेल्या १,२०४ मुलांच्या शाइन चाचणीतही चार महिने पुरेसे असल्याचे दिसले. या चाचणीतील भारतीय मुले चेन्नई व पुणे येथील होती.

येथे भारतात झालेल्या दोन अभ्यासांची सांगड घालून पाहणे उद्बोधक आहे. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासात १९३ रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात, तर काहींना घरीच औषधे दिली गेली. आरोग्यधामातल्यांना विश्रांती, हवा व सकस जेवण मिळाले. घरी उपचार घेणारे जुन्या दाटीवाटीत व अर्धपोटी राहिले. तरीही गुण जवळजवळ सारखाच आला आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक संसर्ग झाला नाही. या निष्कर्षाने जगभरची आरोग्यधामे ओस पाडली व लाखो गरिबांना घरबसल्या उपचार मिळाला. पण त्याचा एक अर्थ असाही लावला गेला की गोळ्या वेळेवर घेतल्या तर आहाराचे फारसे महत्त्व नाही, आणि तो पुढे अनेक दशके टिकला.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या रेशन्स चाचणीने हा प्रश्न वेगळ्या बाजूने विचारला. २,८०० रुग्णांना दरमहा १० किलोंचा शिधा दिला गेला : तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ म्हणजे तिकडचा सत्तू, दुधाची भुकटी व तेल, शिवाय सूक्ष्म पोषक द्रव्यांच्या गोळ्या. पाचांपैकी चार रुग्ण उपचाराच्या सुरुवातीला कमी वजनाचे होते आणि जवळजवळ निम्म्यांचे वजन धोकादायक इतके कमी होते. आजारी माणसाला उपाशी ठेवून तुलना करणे नीतीला धरून नव्हते, म्हणून शिधा सर्वच रुग्णांना मिळाला. फरक केला तो घरच्यांत. सुमारे १०,३०० घरच्या माणसांपैकी एका गटाला दरडोई दरमहा पाच किलो तांदूळ व दीड किलो डाळ मिळाली, तर दुसऱ्या गटाला धान्य मिळाले नाही. शिधा मिळालेल्या घरांत नवा क्षयरोग ३९ टक्क्यांनी, आणि हवेतून पसरणारा फुप्फुसाचा क्षय ४८ टक्क्यांनी कमी झाला. पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्के वाढलेल्या रुग्णांत मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. हा शेवटचा आकडा जपून वाचायला हवा, कारण मुळातच बरे होत असलेल्याचे वजन वाढते; घरच्यांबद्दलचा निष्कर्ष मात्र यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पाडलेल्या, गटांच्या तुलनेतून आला असल्याने तो बळकट आहे. मद्रासचा अभ्यास बेडक्यातले जिवाणू जातात का, हे पाहत होता. झारखंडचा अभ्यास त्या घरात पुढचा रुग्ण कोण होतो, हे पाहत होता. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला एप्रिल २०१८ पासून मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. घरच्या इतरांच्या ताटाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

रुग्णाच्या सहवासातील व्यक्तींना औषध देऊन रोग टाळण्याचा उपायही सोपा झाला आहे. पूर्वी आयसोनियाझिड सहा ते नऊ महिने रोज घ्यावे लागे. आता ते रिफापेंटिनसोबत आठवड्यातून एकदा, असे बारा वेळा घेतले तरी पुरते. औषधप्रतिकारक रुग्णांच्या घरच्यांसाठी लिव्होफ्लॉक्सासीनची पारख व्हिएतनाम व दक्षिण आफ्रिका येथे झाली, आणि दोन्ही चाचण्यांचे आकडे एकत्र केल्यावर धोका सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कोणाला संसर्ग झाला आहे हे ओळखण्यासाठी हातावर केली जाणारी जुनी माँटू चाचणी बीसीजी लसीमुळे फसते. फक्त रोगजंतूतच असणारी दोन प्रथिने वापरणारी नवी त्वचाचाचणी ही अडचण टाळते. ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमार्फत उपलब्ध झाली आहे.

बीसीजी ही १९२१ मध्ये प्रथम वापरलेली लसच आजही एकमेव आहे. ती लहान मुलांना मेंदूच्या व सर्व शरीरभर पसरणाऱ्या क्षयापासून वाचवते, परंतु प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा भरवसा नाही. १९६८ मध्ये तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे अडीच लाखांहून अधिक लोकांवर सुरू झालेल्या चाचणीत पंधरा वर्षांनंतरही या रोगापासून संरक्षण आढळले नाही. त्यामुळे नव्या लसींचे आरंभीचे आशादायक आकडे या क्षेत्रातले जाणते लोक सबुरीने घेतात. एम७२/एएस०१ई ही लस केनिया, दक्षिण आफ्रिका व झांबिया येथील आधीच संसर्ग झालेल्या साडेतीन हजार प्रौढांत तीन वर्षांत सुमारे ५० टक्के परिणामकारक ठरली. तिची तिसऱ्या टप्प्यातील मोठी चाचणी मार्च २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली. आफ्रिका व आग्नेय आशियातील सात देशांत सुमारे २०,००० जणांवर ती करण्याचे ठरले. जगातील एक चतुर्थांश रुग्ण ज्या देशात आहेत, तो भारत या सातांत नाही.