फाइल व फोल्डर व्यवस्थापन (ग्रामीण विदर्भ)

संगणकातली किंवा मोबाइलमधली ॲप्लिकेशने जे काही साठवतात ते कुठे पडले आहे हे ओळखणे, त्याला पुन्हा सापडेल असे नाव देणे, नको ते काढणे आणि हवे त्याची दुसरी प्रत ठेवणे, याला फाइल व फोल्डर व्यवस्थापन म्हणतात. विदर्भाच्या खेड्यांत हे काम मुख्यतः आपले सरकार सेवा केंद्र (लोकांच्या तोंडी अजूनही ‘सेतू’), ग्रामपंचायत, कृषी केंद्र आणि झेरॉक्सचे दुकान या ठिकाणी चालते. एकाच संगणकावर दिवसभर वेगवेगळ्या लोकांचे सातबारे, आठ-अ, उत्पन्नाचे दाखले आणि आधारच्या प्रती उतरत राहतात. प्रवेशाचे दाखले आणि खरिपाच्या पीककर्जाची कागदपत्रे दोन्ही जूनमध्येच लागतात, आणि ‘डाउनलोड्स’ फोल्डर तुंबते तेही तेव्हाच.

फाइल कोणाची?

काहीही पुसण्याआधी फाइलचा धनी ठरवावा लागतो. काही फाइली ॲप्लिकेशनने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या असतात; त्या गेल्या तर ते पुन्हा करून घेते. ब्राउझरची कॅशे (पाहिलेल्या पानांच्या तात्पुरत्या नकला) आणि विंडोजचे ‘टेम्प’ फोल्डर यात मोडतात. विंडोजचे बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून, दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘टेम्प’ हा शब्द इंग्रजीत लिहिला की हे फोल्डर उघडते. सगळे निवडून पुसावे. वापरात असलेल्या फाइली पुसल्या जात नाहीत, तिथे ‘स्किप’ म्हणून पुढे जावे. दुसऱ्या प्रकारच्या फाइली माणसाने स्वतः जतन केलेल्या असतात. स्कॅन, अर्ज, फोटो. त्यांचा धनी उघड असतो.

नुकसान होते ते तिसऱ्या प्रकारात. इथे काम माणसाचे असते, पण फाइली ॲप्लिकेशनच्या भाषेत आणि ॲप्लिकेशनच्या घरात असतात. कृषी केंद्राचा साठा आणि उधारी टॅली या हिशेबाच्या ॲप्लिकेशनमध्ये असते. टॅली प्रत्येक कंपनीसाठी नुसत्या आकड्यांचे नाव असलेले फोल्डर करते आणि आत अनोळखी नावांच्या बऱ्याच फाइली ठेवते. जागा मोकळी करणाऱ्याला तो कचरा वाटतो, किंवा कोणी त्यातली सगळ्यात मोठी एकच फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ‘बॅकअप घेतला’ म्हणतो. त्या एका फाइलीतून हिशेब उघडत नाही. आधी टॅली बंद करावी आणि मग पूर्ण फोल्डर उचलावे, किंवा टॅलीतलाच ‘बॅकअप’ वापरावा. ॲप्लिकेशन चालू असताना केलेली नक्कल अर्धवट असू शकते, कारण काही नोंदी तेव्हा मेमरीतच असतात.

‘ॲपडेटा’ हे लपवलेले फोल्डर प्रत्येक वापरकर्त्याच्या नावाखाली असते. त्यात ‘लोकल’, ‘लोकललो’ आणि ‘रोमिंग’ असे तीन भाग असतात. वरचे ‘टेम्प’ सोडले तर त्यातले काहीही हाताने पुसू नये. ब्राउझरमधले बुकमार्क आणि जतन केलेले पासवर्ड इथेच असतात. त्यामुळे फॉरमॅट मारताना (डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकताना) डेस्कटॉप आणि ‘डॉक्युमेंट्स’ तेवढे उचलले तर हे मागे राहून जाते.

नावे

‘7/12’ हे नाव विंडोज घेत नाही. तिरपी रेघ फोल्डरांचा मार्ग दाखवण्यासाठी राखून ठेवलेली आहे, म्हणून सातबाऱ्याची फाइल ‘712’ किंवा ‘7-12’ अशीच ठेवावी लागते. अशी नऊ चिन्हे वर्ज्य आहेत: सरळ आणि उलटी तिरपी रेघ, कोलन, तारा, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, दोन्ही कोनी कंस आणि उभी रेघ. गंमत अशी की विसर्ग चालतो, कोलन चालत नाही, आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

नावात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. त्यापुढे तालुका, मौजा, गट किंवा खसरा क्रमांक, खातेदार आणि कागदाचा प्रकार लिहावा: ‘2025-06-18_आर्वी_वडगाव_गट45_पाटील_712’. नुसते ‘वडगाव’ पुरत नाही. त्या नावाची गावे बरीच आहेत. आकडे देवनागरी की इंग्रजी हे एकदाच ठरवावे, कारण संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी चिन्हे आहेत.

मराठी नावे लांबवताना जपून. विंडोजमध्ये पूर्ण मार्ग साधारण 260 चिन्हांपर्यंत चालतो. अँड्रॉइडवर एका नावाला 255 बाइटची (बाइट म्हणजे साठवणुकीचे लहान माप) मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. ‘क्षी’ दिसते एक अक्षर, पण क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून ती 12 बाइट खाते.

ग्रामपंचायतींच्या जुन्या ठरावांचा वेगळाच त्रास. ते कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टंकलेले असतील तर संगणकाला तिथे रोमन अक्षरे दिसतात. फाइलीच्या आत मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, आणि फॉन्ट नसलेल्या यंत्रावर सगळी गिचमिड होते. अशा प्रत्येक फाइलीसोबत पीडीएफ करून ठेवावी.

आकार

ए-4 कागद 300 डीपीआयवर (दर इंचाला 300 ठिपके) रंगीत स्कॅन केला की 2480 गुणिले 3508 ठिपके होतात. न दाबता (कॉम्प्रेस न करता) साठवले तर सुमारे 26 एमबी. डीपीआय निम्मे केले की आकार चौथाई होतो. दाखल्याला 200 डीपीआय आणि करड्या छटा पुरतात. शिक्क्याचा रंग दिसायला हवा असेल तरच रंगीत करावे.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याला मात्र हे लागू नाही. ती पीडीएफ दाबून लहान केली किंवा ‘प्रिंट टू पीडीएफ’ने पुन्हा जतन केली की स्वाक्षरी पडताळता येत नाही. उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. लहान हवी असेल तर नकलेवर प्रयोग करावा.

मोबाइल

अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲपच्या ‘स्टोरेज’खाली दोन बटणे असतात. ‘क्लिअर कॅशे’ निरुपद्रवी आहे. ‘क्लिअर डेटा’ ॲपला पहिल्या दिवसासारखे कोरे करते. मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात, नेटवर्क नसताना भरलेली माहिती मोबाइलमध्येच धरून ठेवणारी ॲपे वापरली जातात. ती माहिती पाठवण्याआधी हे दुसरे बटण दाबले की शेतातली फेरी पुन्हा आली.

जागा खाण्यात व्हॉट्सॲप बहुधा पुढे असते. नव्या अँड्रॉइडवर त्याचे सामान ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’ या फोल्डरात असते. ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’च्या आत ‘सेंट’ नावाचे फोल्डर असते. पाठवलेल्या व्हिडिओंच्या नकला तिथे साचतात, आणि सुरुवात तिथूनच करावी. ‘डेटाबेसेस’ फोल्डर म्हणजे संभाषणांचा स्थानिक बॅकअप. तो पुसू नये.

नेहमीचे बिघाड

लिहिणे चालू असताना वीज गेली की फाइल शून्य केबीची होते किंवा उघडत नाही. लहान यूपीएस काही मिनिटेच देतो. त्या मिनिटांत जतन करून संगणक बंद करायचा असतो, अर्ज पूर्ण करायचा नसतो. पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागले तर ते व्हायरसचे काम असते. मूळ फाइली बहुतेक वेळा लपवलेल्या असतात. शॉर्टकटवर क्लिक न करता ‘व्ह्यू’मधून लपवलेल्या फाइली दाखवाव्यात, त्यांची नक्कल काढावी, ती तपासावी आणि मग पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा. फॅट-32 या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, कितीही जागा रिकामी असली तरी; त्यासाठी एक्सफॅट किंवा एनटीएफएस लागते.

विंडोज कधी कधी डेस्कटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरील साठवणीला) जोडते. तिथे फुकट जागा 5 जीबीच, आणि एका ठिकाणी पुसलेले दुसरीकडेही पुसले जाते.

आधारच्या प्रती रोज संध्याकाळी ‘डाउनलोड्स’मधून काढाव्यात आणि रिसायकल बिनही रिकामा करावा. पेनड्राइव्हवरून पुसलेले सहसा त्या बिनमध्ये येतच नाही. चुकून पुसले गेले तर त्या ड्राइव्हवर काहीही नवीन लिहिणे ताबडतोब थांबवावे. जुन्या हार्डडिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर फाइल परत मिळण्याची आशा असते. एसएसडीमध्ये (नव्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा खरोखर रिकामी करणारी सोय, चालू असेल तर बहुधा नसते.