एकाला घाम, दुसऱ्याला जांभई

2018 मध्ये ‘हेरेडिटरी’ हा भयपट आला आणि समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. अमेरिकेत ‘सिनेमास्कोर’ ही संस्था चित्रपट लागला की पहिल्याच रात्री थिएटरमधल्या प्रेक्षकांकडून ए ते एफ अशी श्रेणी भरून घेते. तिथे याच चित्रपटाच्या पदरात पडली ‘डी प्लस’. भयपटांना हे नवीन नाही. त्यातही गोष्ट झपाटलेल्या घराची असेल तर दोन तट ठरलेलेच. एक जण सांगतो, त्या रात्री दिवा मालवायची हिंमत झाली नाही. त्याच्याच शेजारच्या खुर्चीत बसलेला म्हणतो, दोन तास नुसती दारं करकरली, बाकी काही घडलंच नाही.

मग वाद रंगतो तो ‘तुला सिनेमा कळत नाही’ आणि ‘तू उगाच घाबरट आहेस’ या दोन टोकांवर. मला दोन्ही आरोप फोल वाटतात. भीती मोजायला घेतली की लक्षात येतं, दोघं जे सांगत असतात ते आपापल्या शरीराबद्दल तंतोतंत खरं असतं.

आधी घराकडे पाहू. सुरा घेऊन मागे लागलेला खुनी भीतिदायक असतो, पण त्याच्याबद्दल शंका नसते: पळायचं. झपाटलेल्या घरात मुळात धोका आहे की नाही हेच ठरत नाही. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजचे मानसशास्त्रज्ञ फ्रँक मॅकअँड्र्यू आणि सारा कोन्की यांनी 2016 मध्ये 1341 लोकांना विचारलं की नेमकं काय पाहून अंगावर शहारा येतो. त्यांचा निष्कर्ष असा, की ही शिरशिरी धोक्यामुळे येत नाही, धोक्याबद्दलच्या अनिश्चिततेमुळे येते. पळालो तर वेड्यात निघू, थांबलो तर कदाचित जिवाशी खेळ. मन मधल्यामध्ये अडकून पडतं. जुनं घर ही अडकवणूक फार छान करतं. जिने, बोळ, माळा, अर्धवट उघडी दारं. आपल्याला पुढचं दिसत नाही, पण आपल्याला कुणीतरी पाहू शकतं. ज्या जागी आपण लपून राहू शकतो आणि तरी चौफेर दिसतं, तिथे माणसाला सुरक्षित वाटतं, असं भूगोलतज्ज्ञ जे अ‍ॅपलटन यांनी 1975 मध्ये मांडलं होतं. भुताचं घर म्हणजे त्याची बरोबर उलटी बाजू.

पण अनिश्चितता जाणवायला प्रेक्षकालाही मेहनत करावी लागते, आणि मतं फुटायला सुरुवात इथेच होते. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून भयपट दाखवले. त्यांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावर धास्ती हळूहळू वाढत असताना मेंदूतले पाहण्याचे आणि ऐकण्याचे भाग अधिक जागे होत गेले. म्हणजे धोका दिसत नसताना मेंदू तो शोधत होता, कान टवकारून. अचानक धक्का बसला की चित्र बदलायचं: भावना, धोक्याचा अंदाज आणि निर्णय यांच्याशी निगडित भाग पुढे यायचे. घाबरणं म्हणजे एकच एक गोष्ट नव्हे. धास्ती वेगळी, दचकणं वेगळं.

दचकणं तसं स्वस्त आहे. मोठा आवाज झाला की पापणी मिटते, मान आखडते, खांदे वर येतात. पापणी तर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटायला लागते, विचार करायला सवडच नसते. यात दिग्दर्शकाचं कौतुक ते काय? फुगा फोडूनही हेच होतं. मात्र आधीच मनात धास्ती साचलेली असेल तर तोच आवाज जास्त जोरात दचकवतो. अंधारानेही तेच होतं: माणूस अंधारात बसलेला असेल तर उजेडातल्यापेक्षा जास्त दचकतो, हे क्रिस्टियन ग्रिलाँ आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रयोगात दाखवलं. त्यामुळे काळ्याकुट्ट थिएटरमध्ये पाहिलेला चित्रपट आणि भर दुपारी, पंखा चालू असताना, मधूनच मेसेज वाचत फोनवर पाहिलेला चित्रपट यांची तुलना करण्यात अर्थ नाही. ‘कुठे पाहिलास?’ हा प्रश्न ‘कसा वाटला?’च्या आधी विचारायला हवा.

तरी समजा, थिएटर एक, अंधार तोच. मग?

1963 च्या ‘द हाँटिंग’मध्ये एक प्रसंग आहे. बंद खोलीत माणसं एकमेकांना धरून बसलेली, बाहेरून धडाधड आवाज, आणि जाडजूड लाकडी दार हळूहळू आतल्या बाजूला फुगायला लागतं. पलीकडे काय आहे ते दिग्दर्शक रॉबर्ट वाइज दाखवतच नाहीत. 1999 मध्ये तीच गोष्ट पुन्हा पडद्यावर आली तेव्हा संगणकाच्या मदतीने बरंच काही उघड दाखवलं गेलं. माझं मत विचाराल तर फुगणारं दार केव्हाही सरस. पण ते दार फुकटात घाबरवत नाही. पलीकडचं भूत प्रेक्षकाने स्वतःच्या डोक्यात तयार करायचं असतं, आणि ही सोय प्रत्येकाच्या डोक्यात सारखी नसते.

काही लोकांना डोळे मिटून काहीच ‘दिसत’ नाही. आईचा चेहरा आठवा म्हटलं तर त्यांना तो माहीत असतो, पण मनासमोर चित्र उमटत नाही. याला अफँटेशिया म्हणतात. ऑस्ट्रेलियात जोएल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेने अशा लोकांना आणि इतरांना अंधाऱ्या खोलीत बसवून, बोटांना इलेक्ट्रोड लावून भीतिदायक कथा वाचायला दिल्या. घाबरल्यावर तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेतून वीज अधिक सहज वाहते, ते मोजायचं होतं. इतरांचा आलेख कथेबरोबर चढत गेला. अफँटेशिया असलेल्यांचा जवळजवळ सपाट राहिला. मग दोन्ही गटांना भयानक चित्रं दाखवली, तेव्हा मात्र दोघांचेही आलेख वर गेले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग कथावाचनाचा होता, चित्रपटाचा नव्हे. तरी न दाखवलेल्या भुताबद्दल ‘काही घडलंच नाही’ असं कुणी म्हणालं तर मला आता तो प्रयोग आठवतो. अफँटेशिया हे टोक झालं. साधारण लोकांतही कल्पनाचित्रांचा ठसठशीतपणा कमीजास्त असतोच.

भीती वाटली म्हणजे चित्रपट आवडला, असंही नाही. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस विद्यापीठाचे मार्क माल्मडॉर्फ अँडरसन आणि मथायस क्लासन यांनी यासाठी खरंखुरं भीतिघर गाठलं. वायले इथल्या ‘डिस्टोपिया’मध्ये लोक तिकीट काढून घाबरून घ्यायला जातात. तिथल्या 110 जणांच्या अंगावर हृदयाचे ठोके नोंदवणारी यंत्रं बसवली आणि प्रत्येक जण कुठे किती घाबरला, किती मजा आली हे विचारलं. 2020 मध्ये आलेला निकाल उलट्या यू अक्षरासारखा होता: भीती कमी तर मजा कमी, भीती वाढली तशी मजा वाढली, आणि एका हद्दीनंतर भीती वाढत गेली तशी मजा घसरली. ठोक्यांतही असंच: नेहमीच्या लयीपासून थोडं इकडेतिकडे झालं तर मजा, फारच झालं तर नाही.

त्यामुळे नावडण्याची दोन कारणं असू शकतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकाला भीती पुरली नाही, दुसऱ्याला झेपली नाही. दोघंही एकच तारा देतात आणि आकडेवारीत एकाच रांगेत उभे राहतात.

त्याच भीतिघरात 280 लोकांवर आधी केलेला एक अभ्यास मला जास्त गमतीचा वाटतो. काही जण मुद्दाम भीती वाढवत होते: भयंकर गोष्टीकडे टक लावून पाहायचं, ओरडावंसं वाटलं तर मनसोक्त ओरडायचं. काही जण ती दाबत होते: नजर वळवायची, ‘हे सगळं खोटं आहे’ असं स्वतःला बजावायचं. पहिले जास्त घाबरले, साहजिकच. पण समाधानाच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच निघाले. बोटांच्या फटीतून भयपट पाहणाऱ्याला हसू नये, तो आपल्या मापाची भीती बेतून घेत असतो. हेही ध्यानात ठेवावं, की हे सगळे हौसेने आलेले लोक होते. मित्रांनी ओढून आणलेला, भयपटाचा तिटकारा असलेला माणूस थिएटरमध्ये भेटतो, अशा अभ्यासात क्वचितच.

सोबत कोण आहे यानेही फरक पडतो. 1986 मध्ये डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी तरुण-तरुणींच्या जोड्यांना भयपट दाखवला. शेजारची मुलगी घाबरलेली दिसली तर मुलांना चित्रपट जास्त आवडला. शेजारचा मुलगा शांत राहिला तर मुलींना जास्त आवडला. पडद्यावर तेच दृश्य चालू होतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या या जोड्या आज तशाच वागतील असं मी छातीठोक सांगणार नाही.

राहिला शेवट. घरात खरंच भूत होतं, की नायिकेच्या मनाचा खेळ? दिग्दर्शकाने हे मोकळं सोडलं की अर्धं थिएटर खूश, अर्धं चिडलेलं. ठाम उत्तराची ओढ काहींना जास्त असते, काहींना कमी, आणि मानसशास्त्रात ती मोजण्यासाठी प्रश्नावल्याही आहेत. पण अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातला 2017 चा एक प्रयोग त्याहून पुढे जातो: आधी काय मानून बसलो आहोत, त्यावर एकच गोष्ट वेगवेगळी समजते. एका नवऱ्याची गोष्ट दोन गटांना एमआरआयमध्ये ऐकवली. एका गटाला आधी सांगितलं की बायको त्याला फसवते आहे, दुसऱ्याला सांगितलं की नवराच संशयी आहे. आवाज ऐकणारे भाग दोन्ही गटांत सारखेच चालले. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज बांधणारे भाग मात्र गटागटाप्रमाणे वेगळे झाले, इतके की निव्वळ मेंदूच्या नोंदी पाहून कोण कुठल्या गटातला हे संशोधकांना बऱ्यापैकी ओळखता येत होतं.